श्रद्धा कुणासाठी बोलते? ख्रिस्ती धर्म, राजकारण आणि आपली उपनगरं

(अंधेरी येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आजचा विषय आहे ख्रिस्ती श्रद्धा आणि राजकारण. समोर बसलेल्यांपैकी बहुतेक जण मुस्लिम घरांतले आहेत. त्यामुळे काहींच्या मनात साहजिकच आलं असेल, की आपल्याच घरात एवढे प्रश्न असताना शेजाऱ्याच्या घराची चौकशी कशाला? त्याचं एक कारण अगदी ताजं आहे. २०२५ च्या वसंतात वक्फ कायद्यातल्या दुरुस्तीवर देशात वाद पेटला, तेव्हा केरळच्या कॅथलिक बिशपांनी त्या दुरुस्तीच्या बाजूने भूमिका घेतली. कुर्ल्यापासून मालवणीपर्यंत आपल्या मोहल्ल्यांत तेव्हा एकच वाक्य फिरत होतं, "यांनीसुद्धा?" त्या "यांनीसुद्धा"चं उत्तर रागात सापडणार नाही. ते शोधायला थोडं मागे जावं लागेल, आणि मागे जायला फार लांब जायची गरज नाही. बोरिवली, अंधेरी, सांताक्रूझ, पार्ले, वांद्रे एवढी आपली उपनगरं पुरेशी आहेत.

मला सांगायचं आहे ते आधीच सांगून टाकतो. धर्माने राजकारणात यावं की नाही, हा प्रश्न आपण वर्षानुवर्षं चघळत आलो. माणूस मतदान करायला जाताना श्रद्धा घरी खुंटीला अडकवून जात नाही, त्यामुळे धर्म येतोच. खरा प्रश्न पुढचा आहे. आल्यावर तो कुणासाठी बोलतो? सत्तेसाठी, फक्त आपल्या लोकांसाठी, की ज्याच्या बाजूने बोलणारं कुणी नाही त्याच्यासाठी? या तिन्ही गोष्टी ख्रिस्ती धर्माने केल्या आहेत, आणि तिन्ही आपल्या डोळ्यांसमोर, याच उपनगरांत घडल्या आहेत.

राजाचा धर्म

आज ज्याला आपण उपनगरं म्हणतो, तो अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडचा सगळा पट्टा म्हणजे जुनं साष्टी बेट. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसई आणि तिच्याबरोबर हा सगळा मुलूख पोर्तुगीजांना लिहून दिला. का दिला? हुमायून चालून येत होता आणि सुलतानाला मदतनीस हवा होता. म्हणजे एका मुसलमान बादशहापासून वाचण्यासाठी दुसऱ्या मुसलमान सुलतानाने ख्रिस्ती राजाला जमीन दिली. यात धर्म कुठे होता? कुठेच नव्हता. सौदा सत्तेचा होता.

पण सौदा झाल्यावर मागोमाग धर्म आला. बोरिवलीला मंडपेश्वरची लेणी आहेत. मूळ शिवाचं स्थान. सोळाव्या शतकाच्या मध्यात फ्रान्सिस्कन पाद्री अंतोनियो दो पोर्तो यांनी तिथे ख्रिस्ती प्रार्थनास्थळ केलं आणि लेण्याच्या डोक्यावर मठ उभा राहिला. त्या मठाचे पडके अवशेष आजही दिसतात आणि आत दगडात कोरलेला क्रूसही दिसतो. पुढे राज्यं बदलत गेली तशी ती गुहाही हात बदलत गेली. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन सुरू झालं, म्हणजे श्रद्धा तपासणारं धर्मन्यायालय. ते अधूनमधून थांबत, पुन्हा सुरू होत १८१२ पर्यंत चाललं. हिंदू, मुसलमान, यहुदी आणि स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे गरीब नवख्रिस्ती यांच्यापैकी कुणीच त्याच्या भीतीपासून सुटलं नाही. राजाच्या हातात धर्म गेला की पहिला फटका परधर्मीयाला बसतो आणि दुसरा त्याच धर्माच्या गरिबाला. हे आपल्यालाही नवीन नाही. आपल्या इतिहासातही बादशहांचे दरबारी उलेमा होऊन गेले, आणि त्यांच्या फतव्यांनी मारले गेलेले सूफीही होऊन गेले.

यापुढची गोष्ट मात्र फार कमी सांगितली जाते. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला जिंकला. पोर्तुगीज अधिकारी गेले, गोरे पाद्री गेले. मग ख्रिस्ती धर्मही जायला हवा होता, कारण तो तलवारीने आला होता असंच आपण म्हणतो ना? तो गेला नाही. मरोळ, कोंडिविटे, मालाड, मनोरी, गोराई, उत्तनचे शेतकरी, कोळी, मिठागरातले कामकरी ख्रिस्तीच राहिले. मराठीत बोलत राहिले, लग्नात उंबराचं पाणी आणत राहिले, लुगडं नेसत राहिले. डोक्यावर ख्रिस्ती राजा नव्हता, तरी श्रद्धा टिकली. आणली गेली तेव्हा ती राजाची होती, टिकली तेव्हा लोकांची झाली. आजही कुणी शेजाऱ्याला "तुझे पूर्वज जबरदस्तीने बाटले" असं हिणवतो, तेव्हा हे लक्षात ठेवा. माणसाचा धर्म तोच असतो जो तो आज स्वतःहून पाळतो. तीनशे वर्षांपूर्वीचा हिशेब त्याच्याकडून वसूल करता येत नाही. हाच न्याय आपल्यालाही हवा आहे, म्हणून तो आधी दुसऱ्याला द्यायला हवा.

संरक्षण मागणारा धर्म

इंग्रजांचं राज्य आलं आणि दुसरं प्रकरण सुरू झालं. मुंबई बेटावरचे कॅथलिक पोर्तुगालशी एकनिष्ठ राहतील अशी कंपनी सरकारला धास्ती होती. म्हणून १७२० मध्ये इंग्रजांनी पोर्तुगीजांच्या अखत्यारीतल्या पाद्रींना बेटाबाहेर काढलं आणि रोमने नेमलेल्या कार्मेलाइट पाद्रींना बोलावलं. तिथून पुढे "पोर्तुगालचे पाद्री" आणि "रोमचे पाद्री" असा जो तंटा लागला, तो विसाव्या शतकापर्यंत चालला. श्रद्धा एक, प्रार्थना एक, पण चर्चची किल्ली कुणाकडे यावर गावंच्या गावं विभागली. आपल्याकडे मशिदीच्या कमिट्यांवरून जे होतं, ते पाहिलं की यातलं काहीच अनोळखी वाटत नाही.

१८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली. त्या वर्षी या भागातल्या मूळच्या मराठी ख्रिस्ती समाजाने "बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन" स्थापन केली आणि "ईस्ट इंडियन" हे नाव घेतलं. नाव कशावरून? ईस्ट इंडिया कंपनीवरून. गोवा आणि मंगळूरहून आलेल्या कॅथलिकांपेक्षा आपण वेगळे, इथलेच आणि इंग्रज सरकारचे जुने प्रजाजन आहोत, हे सरकारदरबारी दिसावं आणि नोकऱ्यांत अग्रक्रम मिळावा, हा हेतू. म्हणजे साष्टीच्या मातीत शेकडो वर्षं राबलेल्या समाजाने स्वतःचं नाव एका परदेशी व्यापारी कंपनीकडून घेतलं.

त्यांना दोष द्यायला मी हे सांगत नाही. लहान समाजाला भीती असते आणि भीती सत्तेकडे हात पसरायला लावते. त्याच काळात मुस्लिम पुढारीही सरकारला निष्ठेची ग्वाही देतच होते. पण परिणाम पाहा. कंपनी गेली, राणी गेली, नाव तेवढं उरलं. गावठाणांभोवतीची शेतं मात्र गेली. विमानतळ आला, औद्योगिक वसाहती आल्या, सीप्झ आलं. १५७९ साली बांधलेल्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चच्या भिंती आज सीप्झच्या कुंपणाआड उभ्या आहेत. निष्ठेच्या बदल्यात मिळालेलं संरक्षण भाड्याच्या घरासारखं असतं. मालक बदलला की सामान रस्त्यावर येतं.

त्याच ईस्ट इंडियन समाजात, उत्तनचं मूळ असलेल्या माझगावच्या एका घरात, १८६४ मध्ये जोसेफ बॅप्टिस्टा जन्मले. लोक त्यांना काका बॅप्टिस्टा म्हणत. केंब्रिजला शिकलेला हा बॅरिस्टर लोकमान्य टिळकांचा सहकारी होता. १९१६ मध्ये टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना झाली, तिचे पहिले अध्यक्ष काका बॅप्टिस्टा. १९२० मध्ये आयटक उभी राहिली, त्यात त्यांचा पुढाकार. १९२५ मध्ये ते मुंबईचे महापौर झाले. ते श्रद्धावान कॅथलिक होते आणि टिळकांची हिंदू प्रतीकं त्यांना ठाऊक नव्हती असं नाही. तरी त्यांनी "आमच्या समाजाला काय मिळेल" असं विचारलं नाही. स्वराज्य आणि गिरणी कामगाराची मजुरी हे दोन प्रश्न त्यांनी आपले मानले. समाज तोच, चर्च तेच, आणि त्यातून दोन रस्ते फुटले. एक रस्ता सरकारी कचेरीकडे गेला, दुसरा कामगारांच्या सभेकडे.

खुर्ची सोडणारा बिशप

आणखी एक माणूस सांगतो, कारण आपल्या धार्मिक नेतृत्वाला या उदाहरणाची गरज आहे. १९२८ मध्ये रोम आणि पोर्तुगाल यांच्यात ठरलं, की मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश असेल. भारतीय माणसाची पाळी यादीतच नव्हती! त्या हिशेबाने १९३७ मध्ये थॉमस रॉबर्ट्स हे इंग्रज जेझुइट आर्चबिशप झाले. स्वातंत्र्य जवळ येतंय हे त्यांनी ओळखलं. त्यांनी आग्रह धरून व्हॅलेरियन ग्रेशस या भारतीय पाद्रींना सहायक बिशप करून घेतलं, कारभार त्यांच्यावर सोपवला आणि स्वतः मुंबईतून बाजूला झाले. आपण खुर्चीत बसून राहिलो तर नियमाप्रमाणे पुढची पाळी पोर्तुगीजाची येईल, हे त्यांना माहीत होतं. १९५० मध्ये जुना करार संपला, रॉबर्ट्स यांचा राजीनामा मंजूर झाला आणि ग्रेशस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. १९५३ मध्ये ते भारताचे पहिले कार्डिनल झाले.

धर्मगुरूने सत्ता सोडणं हेही राजकारणच आहे, आणि ते फार वरच्या प्रतीचं आहे. पुढे १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर केला. शतकानुशतकं "खऱ्या धर्माला राज्याचा आधार असावा" असं मानणाऱ्या संस्थेने कबूल केलं, की श्रद्धेच्या बाबतीत कुठल्याही माणसावर राज्याने सक्ती करू नये. १९८३ च्या चर्चच्या कायद्याने पाद्रींना सरकारी सत्तापदं घ्यायला मनाई केली आणि पक्षीय राजकारणात भाग घ्यायलाही सामान्यतः मज्जाव केला. ही सुधारणा बाहेरून कुणी लादली नाही. आतल्या माणसांनी वाद घालून, मतदान करून ती केली. "धर्मात बदल होत नसतो" असं आपल्याला सांगितलं जातं, तेव्हा हे उदाहरण पुढे ठेवा. हमीद दलवाई ज्यासाठी झटले तो प्रश्न, श्रद्धावान माणसाला आपल्याच संस्थेला प्रश्न विचारता येतो का हा, फक्त आपलाच नाही.

संविधानाचा करार

संविधान सभेत अल्पसंख्याकांच्या उपसमितीचे अध्यक्ष होते हरेंद्रकुमार मुखर्जी, बंगालचे ख्रिस्ती प्राध्यापक. १९४९ मध्ये धर्मावर आधारित राखीव मतदारसंघ सोडून देण्याचा निर्णय झाला, त्याला ख्रिस्ती प्रतिनिधींनी मनापासून साथ दिली. त्याच वेळी त्यांनी एका शब्दासाठी आग्रह धरला. कलम २५ मध्ये धर्म मानण्याचा आणि आचरण्याचा हक्क आहेच, त्याच्या जोडीला प्रचार करण्याचाही हक्क असावा. तो शब्द आला आणि सगळ्यांसाठी आला. आज आपण इज्तिमा भरवतो, पुस्तकं वाटतो, भाषणं देतो, ते त्याच शब्दाच्या आधारावर. स्वतःसाठी खास जागा सोडून सगळ्यांसाठी एक हक्क मिळवला, असा हा व्यवहार होता. माझ्या मते अल्पसंख्याकांच्या राजकारणातला हा सर्वांत शहाणा व्यवहार.

त्या व्यवहाराला एक मोठा अपवाद झाला. ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिम आजही बाहेर आहेत. नगर, जालना, औरंगाबादकडून पोटासाठी घाटकोपर-मुलुंडला आलेल्या दलित ख्रिस्ती माणसाला चर्चमध्ये जात विचारली जाते आणि कचेरीत जात नाकारली जाते. आपल्या हलालखोर, लालबेगी, मेहतर भावांची स्थिती तीच आहे. इथे चर्च आणि मशीद यांचं हित एक आहे. पण ही मागणी करण्याआधी दोघांनाही एक कबूल करावं लागेल, की आमच्यातही जात आहे. ते कबूल करायला दोन्हीकडची वरची मंडळी तयार नसतात.

हा कायदा आपल्याच गल्ल्यांत घडला

धर्माच्या नावावर मत मागायचं की नाही, या प्रश्नावरचे देशातले दोन मोठे निकाल आपल्या उपनगरांतून आले, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. पहिला विलेपार्ल्याचा. १९८७ च्या पोटनिवडणुकीत डॉ. रमेश प्रभू निवडून आले. प्रचारात हिंदुत्वाच्या नावावर उघड मतं मागितली गेली होती. उच्च न्यायालयाने निवडणूक रद्द केली आणि १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. पुढे बाळासाहेब ठाकरे यांचा मताधिकार सहा वर्षं काढून घेतला गेला. दुसरा निकाल सांताक्रूझचा. १९९० च्या निवडणुकीतले विजयी उमेदवार अभिराम सिंह यांच्याविरुद्ध सी. डी. कोम्माचेन यांनी दाद मागितली. ते प्रकरण सात न्यायमूर्तींसमोर गेलं आणि २ जानेवारी २०१७ ला निकाल लागला. उमेदवाराच्याच नव्हे तर मतदाराच्या धर्म, जात, भाषेच्या नावावरही मत मागता येणार नाही.

हा निकाल चार विरुद्ध तीन असा होता. तीन न्यायमूर्तींचं म्हणणंही लक्षात ठेवण्यासारखं आहे. ज्या समाजावर धर्मामुळे किंवा जातीमुळे अन्याय झाला, त्याने त्या अन्यायाबद्दल निवडणुकीत बोलायचंच नाही का, असा त्यांचा मुद्दा होता. आपल्याला दोन्ही बाजू घेऊन चालावं लागेल. "आमच्या वस्तीत पाणी येत नाही कारण ती मुस्लिमांची वस्ती आहे," हे बोलणं न्यायाची मागणी आहे. "मी मुसलमान आहे म्हणून मला मत द्या," हा न्यायाचा अपमान आहे. हाच निकष पाद्रीला, मौलवीला, महाराजांना, सर्वांना लावायचा.

वांद्र्यातली एक खाट

आता फादर स्टॅन स्वामी. तामिळनाडूत १९३७ मध्ये जन्म, जेझुइट पंथाचे पाद्री, आयुष्य झारखंडच्या आदिवासींत गेलं. खटला न चालता वर्षानुवर्षं तुरुंगात पडलेल्या आदिवासी तरुणांसाठी ते उच्च न्यायालयात गेले. त्या तरुणांतले बहुतेक ख्रिस्ती आहेत की सरना की आणखी कुणी, हे त्यांनी पाहिलं नाही. ८ ऑक्टोबर २०२० ला भीमा कोरेगाव प्रकरणात एनआयएने त्यांना रांचीतून अटक केली. माओवाद्यांशी संबंध असल्याचा आरोप होता, तो त्यांनी नाकारला. त्यांना तळोजा कारागृहात ठेवलं. वय ८३, पार्किन्सनमुळे हात थरथरायचे, पेला धरता येत नसे. नोव्हेंबरमध्ये त्यांनी न्यायालयाकडे सिपर आणि स्ट्रॉ मागितली. वीस दिवसांनी तपास यंत्रणेचं उत्तर आलं, ते आमच्याकडे नाही. मार्च २०२१ मध्ये जामीन फेटाळला गेला. मे महिन्याच्या अखेरीला उच्च न्यायालयाने त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलवायला परवानगी दिली. ५ जुलै २०२१ ला त्यांच्या जामिनावर सुनावणी चालू असतानाच न्यायालयाला कळवण्यात आलं, की ते गेले. दुसऱ्या दिवशी वांद्र्याच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये प्रार्थना झाली.

त्यांच्या संगणकात कागदपत्रं बाहेरून पेरली गेली होती, असा निष्कर्ष आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी संस्थेने डिसेंबर २०२२ मध्ये काढला. पण खटलाच न चालल्याने न्यायालयाचा निवाडा त्यांच्या वाट्याला कधी आला नाही. ते कच्चे कैदी म्हणून मेले. ज्यांच्यासाठी आयुष्यभर भांडले, त्यांच्यासारखेच.

यूएपीए काय चीज आहे, हे या सभागृहात कुणाला समजावून सांगायला नको. या शहरातली कितीतरी मुस्लिम मुलं त्या आणि त्याआधीच्या कायद्यांखाली वर्षं घालवून निर्दोष सुटली. स्टॅन स्वामी आपले होते, कारण ते फक्त त्यांच्या लोकांचे राहिले नव्हते. ख्रिस्ती श्रद्धेच्या मुळाशी हीच गोष्ट आहे. ज्या ईसांना आपणही पैगंबर मानतो, त्यांच्यावर ख्रिस्ती कथेप्रमाणे सरकारनेच खटला चालवला आणि आरोप राजद्रोहाचा होता. जो धर्म आरोपीच्या पिंजऱ्यातून सुरू झाला, त्याचा पाद्री कच्च्या कैद्यांच्या बाजूने उभा राहिला तर त्यात नवल ते काय? नवल वाटावं ते याचं, की त्याच धर्माने पुढे राजांच्या शेजारी इतकी शतकं काढली. दक्षिण आफ्रिकेत डच रिफॉर्म्ड चर्चने वर्णभेदाला धर्माचा आधार पुरवला आणि बिशप डेस्मंड टुटूंनी त्याच धर्माच्या बळावर वर्णभेदाशी लढा दिला. पुस्तक एकच होतं.

मुनंबम आणि आपण

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे, "यांनीसुद्धा?" एर्नाकुलम जिल्ह्यातलं मुनंबम हे किनाऱ्यावरचं गाव आहे. सुमारे सहाशे कुटुंबं, बहुतेक लॅटिन कॅथलिक मच्छीमार. १९५० मध्ये एका मुस्लिम गृहस्थाने ती जमीन फारूक कॉलेजला दिली. पुढे कॉलेजकडून लोकांनी पैसे मोजून ती खरेदी केली. २०१९ मध्ये राज्याच्या वक्फ मंडळाने ती वक्फ म्हणून नोंदवली आणि या कुटुंबांना आपल्याच घराचा कर भरणं, कर्ज काढणं अशक्य झालं. वाद न्यायालयात गेला. ही माणसं खोटी रडत नव्हती. या खोलीतल्या ज्यांची घरं गावठाणात, झोपडपट्टीत किंवा कलेक्टरच्या जमिनीवर आहेत, त्यांना ही भीती लगेच कळेल. मुस्लिम समाजातून त्यांच्यासाठी जेवढा मोठा आवाज उठायला हवा होता, तेवढा उठला नाही. तो लवकर उठला असता, तर गोष्ट वेगळ्या वळणाने गेली असती.

दुसरी बाजूही स्पष्ट सांगायला हवी. एका गावाच्या न्याय्य तक्रारीसाठी बिशप परिषदेने खासदारांना दुरुस्तीच्या बाजूने मत द्यायला सांगितलं. ती दुरुस्ती मात्र देशभरातल्या दुसऱ्या समाजाच्या संस्थांचा कारभार बदलणारी होती. केरळच्या काँग्रेसच्या ख्रिस्ती खासदारांनी ते आवाहन मानलं नाही, त्यांनी विरोधातच मत दिलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात विधेयक संमत झालं. त्याच दिवसांत संघविचाराच्या "ऑर्गनायझर"च्या संकेतस्थळावर लेख आला, की देशात वक्फपेक्षा जास्त जमीन कॅथलिक चर्चकडे आहे. गदारोळ झाल्यावर तो काढला गेला, पण वाचणाऱ्यांनी वाचला. जुलैमध्ये छत्तीसगडच्या दुर्ग स्थानकावर केरळच्या दोन नन्सना धर्मांतर आणि मानवी तस्करीच्या आरोपाखाली अटक झाली. जामीन मिळेपर्यंत आठवडा गेला. ईस्ट इंडियनांचं नाव आठवा. शेजाऱ्याच्या खर्चाने मिळालेल्या संरक्षणाची मुदत इतकी छोटी असते.

म्हणून "ख्रिश्चन आपल्याविरुद्ध आहेत" असं म्हणायचं का? २०२१ मध्ये पालाच्या बिशपांनी मुस्लिमांवर "नार्कोटिक जिहाद"चा आरोप केला. त्यानंतर कुराविलंगाडला एका पाद्रीने प्रवचनात मुस्लिमांविरुद्ध विष पेरायला सुरुवात केली, तेव्हा काही नन्स प्रार्थनेतून उठून बाहेर आल्या. बिशपही ख्रिस्ती आणि त्या नन्सही ख्रिस्ती. आपण कुणाला ख्रिस्ती समाजाचा चेहरा मानायचं, यावर आपली स्वतःचीही परीक्षा आहे. आपल्यातला एखादा मौलाना टीव्हीवर बरळतो, तेव्हा तो आपला चेहरा नाही असं आपण सांगतो. तीच सवलत त्यांना द्या.

काय करायचं

माझं सांगणं तीन गोष्टींचं आहे. पहिली, निवडणुकीच्या काळात आपल्या मिंबरवरून, दर्ग्यातून, कमिटीच्या व्हॉट्सअॅपवरून कुणालाही मत द्या असं सांगू दिलं जाऊ नये. प्रश्न मांडा, उमेदवाराला बोलवा, उत्तर मागा. शिक्का मारणारा हात मतदाराचा राहू द्या. चर्चकडून आपण हेच अपेक्षितो, मग सुरुवात आपल्याकडून व्हावी.

दुसरी, दुसऱ्याच्या हक्काचा एक तरी प्रश्न आपल्या कामाच्या यादीत असायलाच हवा. गावठाणांच्या सीमांकनाचा प्रश्न असेल, दलित ख्रिस्तींच्या दर्जाचा असेल, नन्सच्या अटकेचा असेल. फक्त निषेधाचं पत्रक नको, त्यांच्या बैठकीला जाऊन मागच्या खुर्चीवर बसा आणि ऐका.

तिसरी, आपल्या संस्थांचा हिशेब आपणच मागा. वक्फची जमीन कुणाच्या ताब्यात आहे, भाडं किती येतं, त्यातून किती विधवांना पेन्शन मिळते, किती मुलींची फी भरली जाते? हे प्रश्न आतून विचारले गेले नाहीत, म्हणून बाहेरच्यांनी कायदा आणला आणि त्याला सुधारणेचं नाव दिलं. कॅथलिक चर्चने १९६५ मध्ये जे केलं ते भीतीने केलं नव्हतं, विचाराने केलं होतं. आपल्यालाही ते जमतं.

मित्रांनो, श्रद्धा ही माणसाला ताठ उभं राहायला शिकवणारी गोष्ट आहे. सत्तेपुढे हात जोडायला लावते ती भीती, मग तिने कुठलाही झगा घातलेला असो. पुढच्या वेळी कुणी पाद्री, पंडित किंवा मौलवी राजकारणावर बोलायला उभा राहिला, तर त्याला गप्प बसवू नका. त्याला एवढंच विचारा, "हे तुम्ही कुणासाठी बोलताय?" आणि तोच प्रश्न आपल्यालाही विचारू द्या.